आईचा सूर आणि तुझं दोनशेवरचं शिखर

दादा,

तुझ्या दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरकतोय न सरकतोय तोच कावळा येऊन शिवला. भटजींनी हात जोडले. विलासमामा माझ्या कानाशी पुटपुटला, "बघ, काही इच्छा राहिली नाही बिचाऱ्याची." वहिनीला जरा बरं वाटलं. तुझ्या सायलीने डोळे पुसले. मी मात्र तिथे उभी राहून चिडले. तुझी इच्छा राहिली नसेल रे. तुझी कधीच राहत नसे, मनात आलं की तू करून मोकळा व्हायचास. राहिली ती माझी. पण कावळे बहिणींना विचारत नाहीत.

तिथून मुलुंडला तुझ्या घरी आलो. सगळे चहा घेत तुझ्याबद्दल बोलत होते. किती शांत माणूस. किती हुशार. कोणाचा पंखा, कोणाची वॉशिंग मशीन आवाज करायला लागली की फोनवर नुसतं ऐकून सांगायचा, बेअरिंग गेलंय. सगळं खरं आहे. मी कप भरत होते आणि मान डोलवत होते. एक गोष्ट तेवढी कोणी काढली नाही. गेलेल्या माणसाची असली गोष्ट काढत नाहीत. म्हणून मीच काढते. आपल्या आईचा या जगात जो एकच आवाज शिल्लक होता, तो तू पुसलास. आणि पुसला हे कबूल न करता निघून गेलास.

आईच्या आवाजाची ती कॅसेट तुझ्यामुळेच झाली, हे आधी सांगते. तू मस्कतला नोकरीला गेलास तेव्हा मी शाळेत होते, बाबा गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते आणि आई भटवाडीच्या आपल्या खोलीत बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. तिला लिहिता यायचं ते सहीपुरतं. माझ्याकडून पत्र लिहून घेणं तिला आवडत नसे, कारण मी तिची मालवणी सरळ करून टाकायचे. पहिल्या सुट्टीत तू टेपरेकॉर्डर घेऊन आलास आणि तिला म्हणालास, "आई, आता लिहायचं नाही. बोलायचं." ती लाजली. तू परत गेल्यावर कितीतरी दिवस तिने त्या टेपवर रुमाल झाकून ठेवला होता.

मग तुझा एक दोस्त सुट्टी संपवून मस्कतला निघाला होता. त्याच्यासोबत काहीतरी पाठवायचं म्हणून एका दुपारी आई टेपसमोर बसली. लाल बटण मी दाबलं. ती आधी टेपकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बाबू, तू जेवतंस मां वेळेर? हंय सगळां बरां आसा." आणि थांबली. पुढे काय बोलावं तिला सुचेना. काही सुचलं नाही की आई जे करायची तेच तिने केलं. तोंड मिटून एक सूर धरला. हूंऽऽऽ. मग, "बापाशीचो खोकलो कमी आसा." पुन्हा हूंऽऽऽ. "बेबी अभ्यास करता. तुझ्यासारखो नाय, पण करता." वरून विमान गेलं. घाटकोपरवरून ती जातात कशी, पत्रे हादरवत. विमान पार सांताक्रूझकडे जाईपर्यंत आई बोलायची थांबली, म्हणजे तो सूर धरून बसली.

आई कधी गायली नाही. आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायची. पण हा सूर तिच्याजवळ कायम असायचा. सुई ओवताना, तांदूळ निवडताना, रेशनच्या रांगेत. एकच सूर, वर नाही की खाली नाही. शेजारच्या कदमकाकू म्हणायच्या, "जा गं, तुझी आई वळणावर आली बघ, ऐकू येतेय." शाळेतून आल्यावर दाराबाहेर चपला काढताना तो ऐकू आला की मी आत न बघताच ओरडायचे, आई भूक लागली. ताप आला की ती माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि तो सूर कानापेक्षा गालाला जास्त कळायचा. मला आई म्हटलं की चेहऱ्याआधी तो सूर आठवतो. अजूनही.

तुला तो आठवत नव्हता. तिथेच सगळं अडलं.

आई गेल्यावर तिच्या आवाजाचं काही आहे का, म्हणून मी वेड्यासारखी शोधत होते. तिला फोनवर बोलायला आवडायचं नाही, व्हिडिओत ती तोंडावर पदर घ्यायची. भाऊबीजेच्या एका व्हिडिओत ती फक्त "पुरे, पुरे" म्हणते. एवढंच. आणि मग तू तुझ्या जुन्या सुटकेसमधून ती कॅसेट काढलीस. इतकी वर्षं, इतक्या खोल्या बदलून, तू ती सांभाळली होतीस! त्या दिवशी मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते, आठवतं? तू अवघडून माझी पाठ थोपटत होतास आणि म्हणत होतास, "अगं बेबी, चष्मा वाकेल." मी त्या दिवशी तुझ्यावर जेवढी माया केली तेवढी आयुष्यात कधी केली नसेल. ती माया खरी होती. पुढचं सगळं झालं तरी ती खोटी झाली नाही, हे तुला सांगायचं राहिलं.

कॅसेट मी तिथेच ऐकायला मागितली होती. तू म्हणालास, "थांब. टेप जुनी आहे, एकदाच चालेल. आधी कॉम्प्युटरवर घेतो, साफ करतो, मग सगळ्यांना एकत्रच ऐकवतो. वर्षश्राद्धाला." मला ते पटलं. या कामात तुझा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. तू आयुष्यभर केलंस काय? मस्कतच्या कारखान्यात पंप आणि मोटारी यांचे आवाज टिपायचे, आलेखातल्या सगळ्यात मोठ्या शिखराची, म्हणजे सगळ्यात जोरात वाजणाऱ्या सुराची, फ्रिक्वेन्सी काढायची आणि सांगायचं, हा आवाज कुठल्या भागाचा. तीस वर्षं तू यंत्रांची दुखणी ऐकून ओळखलीस. आईची कॅसेट तुझ्याएवढी सुरक्षित कोणाच्या हातात असणार होती?

वर्षश्राद्ध तुझ्याच घरी केलं. जेवणं झाली. हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या. मामा, मामी, कदमकाकू, तुझे सोसायटीतले दोघं-तिघं. तू लॅपटॉपला मोठे स्पीकर जोडलेस आणि आई बोलायला लागली. "बाबू, तू जेवतंस मां वेळेर?" मामी तिथेच हुंदका देऊन रडली. शब्द न् शब्द स्वच्छ होता. पंखा नाही, भुणभुण नाही, टेपची खरखर नाही. मामा म्हणाला, "झकास रे! काल बोलल्यासारखी वाटते." सोसायटीतले जोशी विचारायला लागले, कुठलं सॉफ्टवेअर. तू हात मागे बांधून उभा होतास, खूश.

मी वाट बघत होते. "हंय सगळां बरां आसा" झालं. आता. आता येईल. आणि तिथे काही नव्हतं. रिकामं. हूं असायला हवा तिथे नुसती शांतता, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये असते तशी. मग पुढचं वाक्य. मग परत रिकामं. विमान मात्र आलं, पत्रे हादरले, विमान गेलं. ते तू ठेवलं होतंस. आणि आईचे शब्द आईच्या तोंडचे असूनही तिच्या छातीतून येत नव्हते. स्टेशनवर गाडी उशिरा धावत असल्याचं सांगतात तसा पातळ आवाज. बाकीच्यांना तो आईचा वाटला. मला वाटलं, कोणीतरी तिची साडी नेसून बसलंय.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, आईचा सूर कुठाय?"

"कुठला सूर?"

"ती मध्ये मध्ये धरायची तो. हूं."

"ते ना? अगं ती लाइटची भुणभुण होती. मेन्स हम. कसलं मोठं शिखर होतं तिचं, आईच्या बोलण्यापेक्षा उंच. काढली."

"ती भुणभुण नव्हती. ती आई होती."

तू हसलास. सगळ्यांकडे बघून हसलास, लहान बहिणीचं हसतात तसं. "बेबी, आई कधी गुणगुणायची नाही."

मामा-मामींना आई सणावारीच भेटलेली, ते काय सांगणार? कदमकाकू बोलायला गेल्या, पण त्यांना मुळात ऐकू कमी यायला लागलं होतं, आपण कशावरून भांडतोय तेच त्यांना कळलं नाही. आता त्याही नाहीत. मी तुला एवढंच म्हटलं की मूळ रेकॉर्डिंग लाव. तेव्हा कळलं की साफ केलेलं तू त्याच फाइलवर सेव्ह केलंस. आणि कॅसेट? ती लॅपटॉपवर घेताना शेवटी शेवटी टेपमध्ये अडकली, फीत चुरगळली, मग तू ती टाकून दिलीस. भंगारवाल्याला. टेपसकट.

मी त्या दिवशी खूप वाईट बोलले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तू मस्कतला होतास. आईला सोबत कोण होतं? तिच्या गुडघ्यांना तेल कोणी लावलं, बाबांच्या खोकल्याच्या रात्री तिच्याबरोबर कोण जागलं, शेवटी तिला चमच्याने पेज कोणी भरवली? मी घाटकोपर सोडलं नाही. नोकरीची शाळासुद्धा जवळची धरली. मला तुझा राग नव्हता, कोणीतरी जायलाच हवं होतं आणि तू गेलास म्हणून आम्ही नीट जेवलो. पण जो घरी नव्हता त्याने ठरवायचं की यातली आई कुठली आणि कचरा कुठला? आणि मी सांगत असताना? हा कसला उद्धटपणा रे? आई कधी गुणगुणायची नाही! तुला काय माहीत आई काय करायची? तू वर्षातून एकदा यायचास आणि तेव्हा ती तुला समोर बसवून बोलत सुटायची. तुझ्यासमोर तिला सूर धरायला सवडच मिळायची नाही.

कितीतरी महिने मी तुझ्याकडे आले नाही. मग तूच फोन केलास. "ये. तुला दाखवतो. डोळ्यांनी बघ म्हणजे पटेल." माफी मागायला बोलावत असशील असं मला वाटलं होतं. तू मला धडा शिकवायला बोलावलंस.

तरी पण काय छान शिकवलंस! मला लॅपटॉपसमोर बसवलंस, वहिनीने आंबोळ्या आणून ठेवल्या, आणि तू सुरू झालास. कुठलाही आवाज म्हणजे बऱ्याच सुरांची मिसळ असते. कॉम्प्युटर ती मिसळ वेगळी करतो आणि आलेखात मांडतो. आडव्या रेषेवर सूर किती खालचा किंवा वरचा ते, आणि उभ्या रेषेवर तो किती जोरात आहे ते. जो सगळ्यात जोरात त्याचं शिखर सगळ्यात उंच. "म्हणजे वारंवारता आडवी," मी म्हणाले. "झाली का सातवीच्या विज्ञानाला सुरुवात," तू म्हणालास, "फ्रिक्वेन्सी म्हण ना." मी शाळेत विज्ञान शिकवते याची तू कायम अशी टर उडवायचास. तेव्हा मला बरं वाटलं होतं. लहानपणी तू खोक्यात तारा जोडून रेडिओ बनवला होतास आणि त्याचा एकुलता एक इअरफोन पहिल्यांदा माझ्या कानात घातला होतास, स्वतः न ऐकता. "आलं का? काय येतंय? सांग ना!" असं विचारत माझ्या तोंडाकडे बघत होतास. आंबोळी खाताना मला तो दादा समोर दिसत होता. भांडण मिटेल असं वाटलं.

मग तू आईच्या कॅसेटचा आलेख काढलास. आवाज पुसला गेला होता, पण साफ करण्याआधी काढलेलं आलेखाचं एक चित्र तुझ्याकडे राहिलं होतं. दोनशेवर मोठं शिखर. "वीज पन्नासची असते," तू म्हणालास, "तिची भुणभुण पन्नासच्या पटीत येते. शंभर, दीडशे, दोनशे. हे बघ, बरोब्बर दोनशे. आता बोल."

मी चित्राजवळ वाकले. मग विचारलं, "हे एकशे शहाण्णव असतं तर कुठे दिसलं असतं?"

"दोनशेवरच. मी दहाव्या हिश्श्याचा तुकडा घेतलाय."

तेही तू समजावून सांगितलंस, कारण शिकवायला लागलास की तुला थांबवत नाही. सेकंदाचा दहावा हिस्सा घेतला तर आलेखाला दहा-दहाच्याच पायऱ्या पडतात. एकशे नव्वद, दोनशे, दोनशे दहा. मधलं काही दिसतच नाही, जवळच्या पायरीवर ढकललं जातं. पूर्ण दहा सेकंद घेतले तर पायरी इतकी बारीक होते की एकशे शहाण्णव आणि दोनशे वेगवेगळे उभे राहतात. आणि माणसाचा सूर थोडा हलतो, म्हणून त्याचं शिखर टेकडीसारखं रुंद येतं, विजेचं मात्र सुईसारखं. तुकडा छोटा असेल तर दोन्ही सारखीच दिसतात.

"मग तू जास्त वेळ का नाही ऐकलंस?" मी विचारलं.

तू खांदे उडवलेस. "गरज काय? मोटारीला तेवढं पुरतं."

दादा, तुझं ते वाक्य मी माझ्या सरणापर्यंत नेणार आहे. मोटारीला तेवढं पुरतं. तुझ्या हातात आईचं अख्खं बोलणं होतं, आणि तू तिला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ओळखून मोकळा झालास. मी म्हटलं, "ती मोटार नव्हती." तू लॅपटॉप बंद केलास. "तुला पटवून घ्यायचंच नाहीये. जे बदलत नाही, एका जागी तसंच वाजत राहतं, तो नॉइज. हा साधा नियम आहे, यार." मी उठले. एका जागी तशीच राहिलेली मीही होते, पण हे तुला बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता. वहिनी दारापर्यंत आली, म्हणाली, "ताई, डबा तरी घेऊन जा." मी डबा घेतला. तुझ्याकडे वळून बघितलं नाही.

त्यानंतर आपण भाऊबीजेला भेटायचो. मी ओवाळायचे, तू ताटात टाकायचास, दोघंही हवापाण्याचं बोलायचो. मधून मधून मी तुला टोचायचे, "काय, मोटारी काय म्हणतात?" तू म्हणायचास, "तुझा विषय संपला नाही का अजून?" नव्हता संपला. मला तुझ्याकडून मोठं काही नको होतं. "बेबी, चुकलं असेल माझं," एवढं. असेल म्हणालास तरी चाललं असतं. आईचा सूर तर परत येणार नव्हता. पण तो होता, हे म्हणणारं माझ्याशिवाय अजून एक माणूस जगात असतं. आईबरोबर त्या खोलीत राहिलेले आता आपण दोघंच उरलो होतो आणि त्यातला एक म्हणत होता की असं काही नव्हतंच. असं वर्षानुवर्षं ऐकलं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. मलाही वाटायला लागलं होतं, मी तो सूर मनानेच तर रचला नाही? हे तू केलंस माझं. फाइल पुसली त्यापेक्षा हे वाईट होतं.

मग तुझी फुफ्फुसं बिघडली आणि तुला मुलुंडलाच दवाखान्यात ठेवलं. मी रोज येत होते. तिथे भांडण कसलं काढणार? तू मास्क बाजूला करून नर्सला सांगायचास की त्या मशीनचा पंखा घासतोय. ती म्हणायची, "काका, गप पडा ना जरा." शेवटच्या दिवशी सकाळी तुझी व्हॉइस नोट आली. मी शाळेत होते, मधल्या सुट्टीत ऐकली. मागे मशीन वाजत होतं. "बेबी..." मग बराच वेळ नुसती भुणभुण. "ते आपलं..." परत भुणभुण. "जाऊ दे. तू ये." बस, एवढंच.

मी निघाले. पोचले तेव्हा तुला आयसीयूत नेलं होतं आणि आत कोणाला सोडत नव्हते. त्यानंतर तू बोलला नाहीस.

ती नोट मी पुन्हा पुन्हा ऐकली, आणि दर वेळी त्यात एकच शब्द शोधला. तो नव्हता. बेबी, ते आपलं, जाऊ दे. जाऊ दे! सगळं जाऊ देऊनच गेलास. दहाव्यापर्यंत माझ्या डोक्यात तुझ्याबद्दल फक्त राग होता, आणि रडू यायचं तेही रागानेच.

दहाव्याला लोक गेल्यावर मी, वहिनी आणि सायली तिघीच उरलो. सायली तेराव्याला लावायला तुझा आवाज शोधत होती. तुझाही आवाज कुठे नाही, बघ. लोकांच्या यंत्रांचे आवाज तुझ्या लॅपटॉपमध्ये ढिगाने, आणि स्वतःचे चार शब्द नाहीत. मी तिला माझ्या फोनवरची नोट दिली. तिने ती तुझ्याच लॅपटॉपवर घेतली, ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्या, मागची ही भुणभुण काढते हां. बाबांचं सॉफ्टवेअर आहेच, दोन मिनिटांत होईल."

मी एवढ्या जोरात ओरडले की वहिनी आतून धावत आली. "हात लावू नकोस त्याला!"

बिचारी घाबरली. मी तिला बाजूला केलं आणि तिच्या जागेवर बसले. तू शिकवलेलं सगळं आठवत होतं, शिकवलंसच तसं. आधी तुझ्या पद्धतीने दहावा हिस्सा घेतला. शंभरावर एक मोठं शिखर. लाइटची भुणभुण, पन्नासच्या पटीत, तू लगेच कापली असतीस. मग मी "बेबी"च्या पुढचा अख्खा तुकडा घेतला, "ते आपलं"पर्यंतचा.

शिखर फुटून दोन झाली. बरोबर शंभरावर एक सुई, ती तुझ्या वॉर्डातल्या मशीनची. आणि तिच्या अलीकडे, अगदी खेटून, अठ्ठ्याण्णवच्या आसपास, एक रुंद टेकडी.

 मी सुईवर बोट ठेवल्यासारखं करून, मनातल्या मनात ती बाजूला सारून, पुन्हा ऐकलं. डोळे मिटून, शब्दांकडे लक्ष न देता. आणि मला तो ऐकू आला. मशीनच्या खाली. हूंऽऽऽ. जाड, पुरुषी, दम लागलेला. पण तोच. काही सुचलं नाही की धरायचा तो. वर नाही की खाली नाही.

मी वहिनीला विचारलं, "वहिनी, दादा गुणगुणायचा का गं?"

"म्हणजे काय!" वहिनी म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. दाढी करताना, शर्टाची बटणं लावताना, त्या लॅपटॉपसमोर तर तासन्‌तास. एकच सूर. मी म्हणायचे, अहो, एखादं गाणं तरी म्हणा. तर म्हणायचे, मी कुठे काय करतोय? त्यांना कळायचंच नाही, ताई. खरंच कळायचं नाही."

म्हणजे लॅपटॉपसमोर बसून आईचा सूर कापताना तू तोच धरला असशील. तुला तो कॅसेटमध्ये ऐकू आला नाही, कारण तो तुझ्या स्वतःच्या डोक्यात वाजत होता. आणि मी मूर्ख, भाऊबीजेला तुझ्यासमोर बसून रागात एवढी भरलेली असायचे की मलाही ऐकू आला नाही. तू माझ्यासमोर तो धरला असशील का? काय बोलावं हे तुला माझ्यासमोर कधीच सुचलं नाही, म्हणजे धरलाच असशील.

तेराव्याला ती नोट आहे तशी लावली. मामा म्हणाला, "आईची कसली क्लिअर केली होती त्याने. ही जरा साफ करायची होती गं." मी म्हणाले, "ही साफच आहे, मामा."

तर भांडण मी जिंकले, दादा. आई गुणगुणायची. पुरावा तूच पाठवलास, माझ्या फोनवर, तुझ्या आवाजात. आता हे कोणाच्या तोंडावर फेकू? तू समोर असतास तर दहा सेकंदांचा आलेख काढून तुझ्यापुढे ठेवला असता आणि म्हटलं असतं, बघ, डोळ्यांनी बघ म्हणजे पटेल. तू चष्मा वर करून बघितलं असतंस. पहिल्यांदा काहीतरी खुसपट काढलं असतंस. मग गप्प बसला असतास. आणि गप्प बसलास की तो सूर धरला असतास, आणि मी तुझ्या तोंडाकडे बोट दाखवलं असतं. आपण दोघं एवढे हसलो असतो की वहिनी बाहेर आली असती.

"बेबी" आणि "जाऊ दे" यांच्या मध्ये तू काय बोलणार होतास, ते कुठल्याच आलेखात नाही. माफी मागणार होतास की मोबाइलचा चार्जर आण म्हणणार होतास, मला कधीच कळणार नाही, आणि याबद्दल मी तुला माफ करत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की ते शोधताना तू आईचा सूर धरला होतास.

तू ये म्हणालास. मी आले होते रे दादा. त्यांनी मला आत सोडलं नाही.